मामाजींसाठी मोठी अक्षरं

पुलगावच्या बाजारात प्रभाकररावांचं कापडाचं दुकान होतं. पेपर वाचून झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला तागा दाखवत नसत, अशी त्यांची ख्याती. २००७ साली त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. कडेचं दिसायचं, पण नजर लावावी तिथंच नेमका धुरकट डाग यायचा. वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चष्म्यानं आता काही होणार नाही. अक्षर खूप मोठं असेल आणि मान जरा तिरकी करून पाहिलं, तरच वाचता येईल. प्रभाकररावांनी दुकान मुलाच्या, भूपेंद्रच्या, हाती दिलं आणि ते घरी बसले. त्यांच्या पत्नी शोभाबाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, पण मरणाच्या बातम्या गाळायच्या. ते त्यांच्या लक्षात यायचं. पुढं पुढं त्यांनी ऐकणंही सोडलं.

घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्यावरून भूपेंद्र आणि त्याची बायको हर्षा यांच्यात कुरबुर चालायची. दुकानाचं बँकेचं काम इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडायचं, म्हणून भूपेंद्रला तोच ब्राउझर पुरेसा वाटे. हर्षा नागपूरच्या एका संस्थेसाठी आरोग्याच्या माहितीचं मराठी भाषांतर करायची. तिला फायरफॉक्स हवा होता. त्यात एकाच खिडकीत हवी तितकी पानं उघडी ठेवता येत, आणि भारनियमनात लाइट गेली तरी नंतर तीच पानं पुन्हा उघडून मिळत. कॉम्प्युटर जुना होता, चालायला जड. दोन ब्राउझर कशाला, एक काढून टाक, असं भूपेंद्र म्हणायचा. काढायचा तो कोणता, हे सांगावं लागत नसे.

एका सकाळी हर्षाच्या मनात आलं, पेपर तर आता नेटवरही येतो, मग मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तिथं का दाखवू नये? तिनं फायरफॉक्समध्ये पेपरचं पान उघडलं. कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबलं की अक्षर वाढत होतं, पण ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं आणि टिंबांचा नुसता काला झाला होता. जेवायला आलेल्या भूपेंद्रनं ते पाहिलं आणि हसत तेच पान एक्सप्लोररमध्ये उघडलं. तिथं स्वच्छ मराठी. त्यानं वडिलांना खुर्चीत बसवलं आणि मेनूतून अक्षरांचा सगळ्यात मोठा आकार निवडला. अक्षर होतं तेवढंच राहिलं. त्या पानावर आकार बांधून दिलेला होता.

“दिसून नाई राह्यलं,” प्रभाकरराव म्हणाले आणि उठून आत गेले.

भूपेंद्रनं दुकानात फोन करून सांगितलं की आज दुपारी येत नाही.

दोघं मिळून शोधायला बसले. हर्षाला एका ठिकाणी उत्तर सापडलं. पेपरवाल्यांचा फॉन्ट वेगळा होता. एक्सप्लोरर तो आपला आपण आणायचा, फायरफॉक्सला तो कॉम्प्युटरमध्ये बसवून द्यावा लागणार होता. पानाच्या अगदी तळाशी फॉन्ट उतरवून घ्यायची बारीक ओळ होती. ती दाबली आणि लाइट गेली. अंधारलेल्या खोलीत बसून भूपेंद्रनं पहिल्यांदाच विचारलं की तू नेमकं काय लिहितेस. लाइट आल्यावर तिची सगळी पानं एकामागून एक परत उघडली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “हे मले माहीतच नव्हतं.”

फॉन्ट उतरला, बसवला. पान मराठीत आलं.

प्रभाकरराव पुन्हा यायला तयार नव्हते. हर्षा म्हणाली, “मामाजी, एक डाव या. नाई दिसलं तर मी परत नाई बोलवणार.”

ते आले. ती बटण दाबत गेली, ते “अजून” म्हणत गेले. शेवटी पडद्यावर एका ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावायला लागले. त्यांनी मान तिरकी केली.

“कापसाची... आवक... वाढली.”

शोभाबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. प्रभाकरराव वाचतच होते. निधनाच्या बातम्यांत आर्वीच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं नाव आलं. ते बायकोकडे वळून म्हणाले, “हे तू मले सांगतलं नसतं.” नसतंच सांगितलं, हे शोभाबाईंनी कबूल केलं.

दोन्ही ब्राउझर राहिले. भूपेंद्रनं आठवडाभरातच कॉम्प्युटरची मेमरी वाढवून आणली. सकाळ मामाजींची ठरली, त्यामुळे हर्षाचं काम उशिरा सुरू व्हायला लागलं. प्रभाकररावांना ते समजलं असावं.

“तू दिवसभर काय लिवून राह्यली, थे मले दाखवजो,” एकदा ते म्हणाले.

तिनं बाळंतिणीच्या आहाराचं पान मोठं करून समोर ठेवलं. या घरात तिचं लिहिणं आजवर कोणी वाचलं नव्हतं. प्रभाकरराव मान तिरकी करून वाचू लागले. मध्येच ते थांबले.

“काऊन थांबले, मामाजी?”

“वाक्य लय लांब झालं. वाचता वाचता माणूस मधातच दमते.”

तिनं त्या वाक्याची दोन वाक्यं केली. त्यांनी ती पुन्हा वाचून पाहिली आणि म्हणाले, आता बरोबर झालं, पुढचं पान काढ.