आखूड पायाची साक्ष

मी एक जुनी, हातांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, मला 'बिचारी' म्हणू नका. बिचारी ती प्लॅस्टिकची, जी दोन उन्हाळ्यांत तडकते. माझं लाकूड अजून असं आहे की खिळा वाकेल, मी वाकणार नाही.

खोड एकच. माझा मागचा उजवा पाय अर्धं बोट आखूड आहे. सुताराच्या दुकानातली जमीन उतरती होती, तिथे त्याने मला उभी करून पाहिलं आणि म्हणाला, "वा! कशी ताठ उभी आहे!" घरच्या सपाट फरशीवर आले आणि माझं बिंग फुटलं. कोणी बसलं की टक, उठलं की टक. या घरची आजी तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणाली, "असू दे. मुकी नाही, एवढं तरी कळलं."

माझ्यावर बसून तिने मुलगा वाढवला, बटणं शिवली, शेजारणींची उणीदुणी काढली. मग मुलगा मोठा झाला, घरात सोफा आला आणि मला मागच्या गॅलरीत टाकलं. माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळू लागले. मी वाट पाहिली. ज्याची गरज लागते त्याला लोक शोधत येतात, एवढी अक्कल मला शाळेत न जाताही आहे.

आलेच शोधत! घरात नात जन्मली. रडली की लालबुंद व्हायची, म्हणून आजीने तिचं नाव मिरची ठेवलं. सोफ्यात बसलं की सूनबाईची पाठ भरून यायची, म्हणून मला पुसून, तेल लावून आतल्या खोलीत आणलं. समोर नवा, कठड्यांचा छोटा पलंग होता. त्याच्याकडे पाहताच मला संशय आला. इतकं गुळगुळीत अंग चांगल्या घरचं नसतं.

मिरची दीड महिन्याची झाली आणि घराची झोप उडाली. दूध प्यायली की थोड्या वेळाने भळकन उलटायची. आडवी ठेवली की धनुष्यासारखी पाठ वाकवून किंचाळायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "दूध वर येतंय. पोटाच्या तोंडाची झडप अजून कच्ची आहे, वयाबरोबर बरं होईल." पण डॉक्टरांचं ऐकून घरी आलं की प्रत्येकाचं आपापलं डॉक्टरकीचं दुकान उघडायचं.

आजी मनात म्हणायची, सुनेचं दूध पातळ आहे. मनात म्हणजे अख्ख्या घराला ऐकू येईल इतक्या मनात. सूनबाईला वाटायचं, सासू चोरून काहीतरी चाटवते. सुरुवातीला माझा संशय दोघींवर होता, पलंगावर तर होताच.

पण मित्रांनो, खरं काय ते लवकरच मला कळलं. कारण दोघी माझ्यावरच बसायच्या.

सूनबाई मिरचीला पोटभर पाजून अंघोळीला नाहीतर कपडे धुवायला न्हाणीघरात जायची. दार लागलं की आजी पावडरच्या दुधाची अर्धी बाटली घेऊन यायची. डॉक्टरांनी ते दूध दिवसातून एकदाच द्यायला सांगितलं होतं, सूनबाईला जरा विसावा मिळावा म्हणून. आजी ते चारदा द्यायची. घशाशी जळजळलं की मिरची चोखायला तोंड उघडायची आणि आजीला वाटायचं, भूक! भरल्या पोटावर पुन्हा भर. वरच्या मजल्याची टाकी भरून वाहिली तर दोष नळाचा का?

पण आजी बसली की मी वाजायचे. टक! तशी न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबायचा.

"आई, खुर्चीत बसलात का?"

"मी? मी तर भाजी निवडतेय."

भाजी फ्रिजमध्ये आणि आजी माझ्यात. एके दिवशी सकाळी आजीने मिरचीच्या लाळेऱ्याची चौघडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सारली. ज्या बाईच्या पोराला मी मांडीवर वाढवलं, तिनेच माझ्या तोंडात बोळा कोंबला! लाकूड होते म्हणून, नाहीतर त्याच दिवशी फुटले असते.

इकडे कपाटावरची बॅग खाली आली होती. सूनबाई दोन-दोन कपडे त्यात ठेवत होती. माहेरी निघाली होती ती, मिरचीला घेऊन. परत कधी, हे ठेवलेल्या कपड्यांवरून कळतं. भर उन्हाळ्यात ती लोकरीचेही ठेवत होती.

त्याच दुपारी ती मिरचीला पाजायला माझ्यावर बसली. टक झालं नाही. ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा काही नाही. मग वाकून तिने माझ्या पायाखाली हात घातला. सकाळपासून हरवलेलं लाळेरं बाहेर आलं, दुधाने ओलं, आंबूस वासाचं.

तिने त्याची नीट घडी घातली. बाया अशा शांतपणे घड्या घालतात तेव्हाच घाबरावं.

तेवढ्यात नर्सबाई वजन करायला आल्या. दर आठवड्याला यायच्या. काट्याकडे पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"ताई, किती वेळा पाजता?"

"आठ वेळा. आणि दुपारी एक बाटली."

"एवढं उलटूनही वजन भराभर वाढतंय. म्हणजे आत जरा जास्तच जातंय. आणखी कोण देतं?"

सूनबाईने लाळेरं माझ्या हातावर पसरून ठेवलं. दाराशी उभ्या आजीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"मीच देते," ती म्हणाली. "मग काय उपाशी ठेवू? माझ्या पोराच्या वेळी मला दूध पुरलं नाही. काटकुळा झाला होता. जो यायचा तो म्हणायचा, आई असून पोराला उपाशी मारलंस. याच खुर्चीत बसून ऐकलंय मी ते."

सूनबाई हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्या दुधाला नावं ठेवता."

"ठेवतच होते!"

नर्सबाईंना हसू फुटलं. मग त्यांनी नीट सांगितलं. थोडं थोडं पाजायचं, मध्ये ढेकर काढायचा. मग अर्धा तास उभं, छातीशी धरायचं. त्यानंतर पलंगावर सपाट, पाठीवर निजवायचं.

"डोक्याखाली उशी?" आजीने विचारलं.

"उशी तुम्हाला घ्या, आजी. तिला काही नको, पलंगही तिरका करायचा नाही. आणि खुर्चीत तुमचा डोळा लागतोय असं वाटलं तर आधी बाळ पलंगावर. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं किंवा दूधच घेईना, तर थांबू नका, डॉक्टर गाठा."

म्हणजे निजवायचा मान त्या गुळगुळीत पलंगाचा! मला झोंबलं. पण अर्धा तास माझा होता, तो कोणी काढून घेतला नाही.

मिरची एका दिवसात शहाणी झाली नाही. उलटतच होती, पण भळकन नाही, ओघळभर. पाचव्या दुपारी आजीने तिला पाठीवर ठेवलं. तिने दोनदा पाय झाडले, माझ्याकडे पाहिलं आणि निजली. तासभर! आजी इतका वेळ श्वास रोखून उभी होती की मला तिचीच काळजी वाटली. संध्याकाळी बॅग कपाटावर गेली. लोकरीचे कपडे आधी निघाले.

रविवारी मिरचीच्या बाबांनी सुतार बोलावला. माझ्या पायाला तुकडा जोडायला तो वाकला, तशी आजी कडाडली, "हात लावू नकोस! मी कधी बसते, कधी उठते, ते घराला कळू दे."

तर मित्रांनो, घरातली जुनी वस्तू कुरकुरली, डुलली, वाजली, तर तिच्या तोंडात आधी बोळा कोंबू नका. ती काय सांगतेय ते ऐका. मला तेल लावा, पुसा, ओले टॉवेल दुसरीकडे वाळवा. लाकूड आहे, सोसतं, पण विसरत नाही.

काल सूनबाई मिरचीला पाजून आजीच्या हाती देऊन अंघोळीला गेली. मिरचीला छातीशी उभी धरून आजी माझ्यावर बसली. बाटली नव्हती. टक!

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला नाही.