मेंगेशाच्या खांद्यांसाठी

आमच्या पंचांगाचे १९९६वे वर्ष, हामले महिन्याचा तिसरा दिवस. जगाच्या पंचांगात तो २००४ सालच्या जुलैचा दहावा होता. डोंगरमाथ्यावरच्या आदिस अबाबात पावसाळा ऐन भरात होता आणि आमच्या सखल, तापट दिरे दावात नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू तळव्यांना चटके देत होती. त्या दिवशी मी जन्मले नव्हते. पोत्यातला सरकीसकट कापूस एवढेच माझे रूप होते. तरीही माझी जन्मतिथी मी तीच मानते, कारण माझी गरज त्या दिवशी निर्माण झाली.

मी गाबी आहे. चौपदरी, जाड, पांढरे सुती पांघरूण. थंड मुलखातली माणसे मला खांद्यांवरून लपेटून घेतात. दिरे दावात मला फारसे कुणी विचारत नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करते.

त्या सकाळी शेजारची झेनेबेच कुंपणावरून ओरडली, "ताफेसेच, धाव! आदिसहून तुझ्या भावाचा फोन! आज तरी घे ग बाई, नाहीतर तो बिचारा माझ्याशीच सोयरीक जुळवायचा!"

ताफेसेचने दोन वर्षे भावाचा फोन घेतला नव्हता. तिचा नवरा वारला तेव्हा हा थोरला भाऊ मेंगेशा दुखवट्याला आला नाही. आईबापांमागे त्यानेच तिला वाढवलेले; तो आला नाही आणि त्याचा निरोपही आला नाही. आमच्याकडे लग्नाला न आलेल्याला लोक विसरतात, दुखवट्याला न आलेल्याला विसरत नाहीत.

त्या दिवशी मात्र ती गेली. पुढचे संभाषण झेनेबेचने नंतर इतक्या वेळा सांगितले, की पोत्यातल्या मलाही ते पाठ झाले.

"मी तेव्हा दवाखान्यात होतो ग," मेंगेशा म्हणाला. "पोट फाडलं होतं माझं. जिवाला धोका म्हणून चार महिने मला कुणी कळवलंच नाही. कळलं तेव्हापासून फोन करतोय."

"असं का," ताफेसेच म्हणाली.

"मस्केलच्या सणाला ये. तुमच्या गावात दगडावर अंडं शिजतं म्हणे. इथे माझी हाडं कुरकुरतात. दुकानातल्या गाबीत ऊब नाही. तुझ्या हातच्या सुताची एक दे मला."

"बघते," एवढे बोलून तिने फोन ठेवला.

घरी येऊन तिने कापसाचे पोते ओढले. तिची मुलगी, नाव महलेत, शाळेत शिक्षिका होती. तिने विचारले, "आई, जायचं का मग? मामाला कळवू?"

"जायचं. पण खबरदार कळवशील तर! मी दारात उभी राहणार, गाबी त्याच्या खांद्यांवर टाकणार आणि म्हणणार, दाखव पोटावरचा व्रण. व्रण असला तर त्याच्या गुडघ्याला ओठ लावून माफी मागेन."

"आणि नसला तर?"

"तरी गाबी देईनच. पण आधी शिव्या घालेन."

अशा रीतीने माझे आयुष्य सुरू झाले. दगडावर लोखंडी कांब फिरवून तिने माझ्यातली सरकी काढली, धनुकलीने मला पिंजले आणि टकळीवर कातायला घेतले. उभ्या ताण्यासाठी गिरणीचे सूत आणले. आडवा बाणा मात्र सगळा तिच्या हातचा. तिची बोटे घाईत असत. कातताना तिचे ओठ हलत, आणि दर वेळी माफीचे शब्द थोडे निराळे असत.

संध्याकाळी कॉफीला शेजारणी जमत आणि प्रवासाचा बेत रंगे.

"आगगाडीने जा," एक म्हणे.

"आगगाडी? मस्केलला निघालीस तर नाताळला पोचशील," झेनेबेच म्हणे. "बसनेच जा. पण एका दमात नको. डॉक्टरने सांगितलंय ना, उंचीवर हवा विरळ, तुझं काळीज आधीच नाजूक. वाटेत नाझरेत गावी एक मुक्काम कर."

"आणि तिथे चढावर चालताना बोलू नकोस, धाप लागते."

"ही आणि न बोलता? मग जाऊच नकोस म्हणा की!"

सगळ्या हसत, आणि ताफेसेचही हसे. तिने भावासाठी आंब्याचे लोणचे घातले, भाजलेले जव भरून ठेवले, स्वतःसाठी लोकरीचे मोजे मिळवले. मोज्यांवरून झेनेबेचने तिला आठवडाभर छळले.

हामलेनंतरच्या नेहासे महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी झेनेबेचचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने कुंपणावरून हाक मारली नाही. ती शाळेत गेली आणि महलेतला भेटली. महलेत घरी आली ती दारातच म्हणाली, "आई, शिक्षकांचे वर्ग आहेत नाझरेतला. चार दिवस जावं लागेल." तिने आईकडे न पाहता पिशवी भरली.

पाचव्या दिवशी ती परतली तेव्हा तिचा घसा पार बसला होता.

"थंडी बाधली," ती म्हणाली.

ताफेसेचने तिला आल्याचा चहा करून दिला. मग ती टकळी घेऊन बसली. त्या दुपारी मी तिच्या हातात सात वेळा तुटले. एरवी आठवड्यातून एकदाही मी तुटत नसे.

आमच्याकडे मृत्यूची वार्ता वाटेल तेव्हा, वाटेल तशी कानावर घालत नाहीत. ज्याची प्रकृती नाजूक त्याच्या तर नाहीच. मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी दिवस ठरवतात, भल्या पहाटे एकत्र दारात जातात, माणसाला बसवतात आणि मग सांगतात. याला मेर्दो म्हणतात. मेर्दो होईपर्यंत त्या माणसासमोर रडायचे नाही. पूर्वीसारखेच हसायचे, बोलायचे. ही रीत दयेपोटी आली आहे आणि मी तिची निंदा करणार नाही. परंतु ती पाळताना एका तरुण मुलीच्या चेहऱ्याची काय दशा होते, ती मी जवळून पाहिली. महलेत भांडी घासताना नळ मोठा सोडून ठेवी.

शेजारणींचा सूर आता बदलला.

"रस्ता खचलाय म्हणे आवाशजवळ," झेनेबेच सांगे.

"हो का? मग थांबावं थोडं," ताफेसेच म्हणे.

"आणि तुझे पायही सुजलेत."

"सुजलेत खरे."

एवढ्या सहजासहजी ऐकणारी ही बाई नव्हे, हे त्यांच्यापैकी एकीच्याही ध्यानी आले नाही. मला मात्र तिची बोटे कळत होती. पूर्वी जे सूत दोन दिवसांत निघे त्याला आता आठ दिवस लागू लागले. धागा इतका बारीक आणि एकसारखा की गाबीला तो शोभू नये. तिचे ओठ अजूनही हलत.

नवे वर्ष उजाडले. अखेरीस मला अंजुलो विणकराकडे धाडण्यात आले. हा दोर्झे जमातीचा माणूस खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे आणि स्वतःशी बडबडे. "बावीस वर्षं विणतोय," तो मला पुढेमागे ठोकीत म्हणाला. "बाया येतात त्या 'झाली का, झाली का' करीत. या गाबीला मात्र सकाळी एक बाई येऊन सांगते, सावकाश विण, तिला कळू देऊ नकोस. आणि दुपारी दुसरी येऊन तेच सांगते, सावकाश विण, त्यांना कळू देऊ नकोस. अरे, मग मी खाऊ काय?"

सकाळची झेनेबेच होती. दुपारची ताफेसेच.

मस्केल हा क्रूसाचा सण; त्याच्या होळ्या पेटून विझल्या. ताफेसेचने लोणच्याची बरणी पुसून पुन्हा फळीवर ठेवली आणि "पुढच्या आठवड्यात निघू," असे सर्वांना सांगितले. बेताबद्दल ती आता पूर्वीपेक्षाही अधिक बोले. नाझरेतच्या मुक्कामाची खोली कशी असावी, भावाच्या घराचा चढ किती, मध्ये टेकायला दगड आहे का. महलेत उत्तरे देई. तिची उत्तरे नेमकी असत, कारण तो चढ ती नुकताच चढून आली होती.

पण अंजुलोला किती दिवस रेंगाळता येणार? नव्या वर्षाचा पहिला महिना मस्करम, त्याच्या एकविसाव्या दिवशी मी पुरी होऊन घरी आले. ताफेसेचने मला उलगडून पाहिले, माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाली. आता निघायलाच हवं."

हे ऐकून झेनेबेच तडक मोहल्ल्यातल्या वडिलांकडे गेली. मेंगेशाच्या चाळिसाव्या दिवसाचा प्रार्थनाविधीही जवळ आला होता. आणखी लपवणे शक्य नव्हते.

आज मस्करमचा बाविसावा दिवस, शनिवार. उजाडता उजाडता दार वाजले. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या बायका आणि चार म्हातारे आत आले. ताफेसेच तोंड धुऊन, केस नीट बांधून, मला मांडीवर घेऊन बसलेली होती. तिला बसवावे लागले नाही.

सर्वांत वृद्ध होते ते तिलाहुन; सारे त्यांना आदराने गाशे म्हणत. ते म्हणाले, "ताफेसेच, बाळ, देवाने दिलेलं देवानेच नेलं. तुझा भाऊ मेंगेशा..."

"सव्वीस नेहासेला," ती म्हणाली.

तिने महलेतकडे बोट दाखवले.

"त्याच दिवशी ही घाईने निघाली, आणि परत आली तेव्हाच मला समजलं. थंडीने बसलेला घसा आणि रडून बसलेला घसा, आईला वेगळा कळत नाही का?"

"अग, मग बोलली का नाहीस?" झेनेबेचला हुंदका आवरेना. "आम्ही इकडे रस्ते खचवतोय, पूल पाडतोय..."

"तुम्ही सांगितलं नव्हतं तोवर माझं जाणं होतं. रोज थोडं थोडं जात होते मी. त्याच्यापासूनही असंच झाकून ठेवलं असणार, नाही? चार महिने. माझ्या नवऱ्याचं. आणि मी दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाही."

मग ती मुलीकडे वळली. "महलेत, खरं सांग. मी येणार आहे, हे त्याला कळलं होतं?"

महलेतने गाशे तिलाहुनांकडे पाहिले. म्हाताऱ्याने मान खाली घातली. हो म्हणणे फार सोपे होते, आणि त्या खोलीत कुणीही तिला दोष दिला नसता. परंतु एकतीस दिवस खोटे बोलून ती मुलगी थकली होती.

"नाही, आई. तू सांगू नको म्हणाली होतीस. त्याने दोनदा विचारलं होतं झेनेबेचमावशीला, ताफेसेच काय म्हणते. मावशी म्हणाली, बघते म्हणते."

तेव्हा ताफेसेच रडली. तिने आपल्या छातीवर मुठी मारल्या, भावाला नावाने हाका मारल्या, आणि जे शब्द इतके महिने माझ्या धाग्यात ती पुटपुटत होती ते सारे मोठ्याने म्हणाली. महलेतलाही आता तिच्यासमोर रडण्याची मुभा होती. दोघी एकमेकींना धरून बसल्या.

उन्हे वर आली तशी गर्दी वाढली. अंगणात तंबू उभा राहिला. गाशे तिलाहुनांनी विचारले, "चाळिसाव्याला आदिसला जाशील ना? बसची व्यवस्था करू?"

"महलेत जाईल. मी नाही येत. मला त्याच्याकडे जायचं होतं; आता तिथे कुणाकडे जाऊ?"

अशा रीतीने तो प्रवास आज कायमचा रद्द झाला. चटया अपुऱ्या पडल्या, तेव्हा ताफेसेचनेच मला उचलले, घडी मोडली आणि दुखवट्याला आलेल्यांना बसण्यासाठी जमिनीवर अंथरले. झेनेबेच "अग, ही नको, ही त्याची..." म्हणाली, पण ताफेसेचने ऐकले नाही.

सध्या माझ्यावर सात बायका बसल्या आहेत. एकीची कॉफी माझ्यावर सांडली आहे. माझी काही तक्रार नाही. मी एका माणसाच्या खांद्यांसाठी विणली गेले आणि ते खांदे मी कधी पाहिलेही नाहीत. एवढीच माझी हकीकत.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. ज्यांच्याशी तुमचा अबोला असेल त्यांच्याकडे जाण्याचा बेत जरूर करा. लोणची घाला, मोजे घ्या, माझ्यासारखी एखादी गाबीही कातायला बसा. पण त्याआधी, आजच, त्यांना एवढे कळवा की तुम्ही येणार आहात.