उन्हाविना कांजी

एक बुडबुडा – काळ्या गाजराच्या फोडीला खालून चिकटलेला, मोहरीएवढा – सुटतो की नाही, सुटतो की नाही असं करत अखेर सुटला, बरणीच्या काचेला घासत वर गेला, वर जाऊन फुटला, आणि प्रेमला नकळत एक पाऊल मागे सरकली. आपण चिरलेलं, आपणच मीठ आणि वाटलेली मोहरी घातलेलं ते पाणी आता आपल्याला न विचारता स्वतःचं काहीतरी करत होतं. आज तेरावा दिवस. वरच्या मजल्यावरच्या सतविंदर भाभींनी कांजीची कृती सांगताना बजावलं होतं, की पाच दिवस, फार तर सात, चांगलं ऊन द्यायचं, म्हणजे ती आंबते आणि मग प्यायची. पण ऊन होतं कुठे... दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सगळ्या क्वार्टरांवर आठवडाभर तोच बारीक, हाडांत शिरणारा जानेवारीतला पाऊस, दोरीवर तेच टॉवेल तीन दिवस ओले, आणि बरणी बाल्कनीतून आत ओट्यावर, ओट्यावरून हॉलमधल्या हिटरशेजारी. हिटरशेजारी तिने नेली नव्हती. काशीनाथांनी नेली होती. खाली पाट ठेवून, भोवती स्वतःचा जुना मफलर गुंडाळून – आजारी माणसाची करावी तशी व्यवस्था. आज ते ऑफिसला गेल्यावर तिने मफलर सोडून ती परत ओट्यावर आणली होती.

कारण सकाळी ते तिच्याकडे पाठ करून प्याले.

एवढंच झालं होतं. बूट घालून झाल्यावर ते बरणी मफलरासकट उचलून स्वयंपाकघरात आले, ओट्यावर ठेवून झाकण काढलं, स्टीलच्या पेल्यात कांजी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून एका दमात प्याले. पुन्हा घेतली. दुसरा पेला हळू, थांबत थांबत. मग हाताची मागची बाजू मिशीवरून फिरवली, बरणी परत हिटरशेजारी ठेवली, 'येतो' म्हणाले आणि गेले. प्रेमलाच्या तव्यावरची पोळी एका बाजूने काळी झाली होती.

ती पाठ तिच्या ओळखीची होती. खांदे जरा वर, मान आत, पेल्याला कुणाच्या नजरेपासून आडोसा केल्यासारखी. ती पाठ मी कितीतरी वर्षं पाहिली आहे, मी चुकणार नाही... पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली बाटली, कपाटातल्या फाइलींमागची बाटली, आणि दर वेळी ही पाठ. अकरा वर्षं दिसली नव्हती. आता दिसली ती माझ्याच ओट्याशी, माझ्याच हातच्या बरणीपुढे.

अकरा वर्षांपूर्वी असाच पावसाळी जानेवारी होता. ते स्कूटरवरून लुंबिनीला शाळेतून आणायला गेले आणि घरी आले तेव्हा मान मागे वळवून बोलत होते – "उतर बाळा, दप्तर सांभाळ" – आणि मागे कुणीच नव्हतं. सात वर्षांची पोर रिंग रोडवरच्या पंपावर पेट्रोल भरताना उतरली होती ती तिथेच राहिली, आणि हे सगळा रस्ता तिच्याशी गप्पा मारत आले होते. पंपावरच्या माणसाने तिला आत बसवून ठेवलं होतं म्हणून... प्रेमला या वाक्याचा शेवट कधीच करत नसे. त्यानंतरच्या रविवारी विहारात त्यांनी भन्तेजींसमोर हात जोडून पाचवं शील घेतलं, मादक काही घेणार नाही म्हणून, आणि पाळलं.

पाळलं – हे तिला माहीत होतं, कारण ती पाहत आली होती. रोज सकाळी गॅस पेटवण्याआधी ती बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायची, पौर्णिमेला अष्टशील, दुपारनंतर अन्न नाही. आणि पाचवं शील ती दोनदा म्हणायची. एकदा स्वतःसाठी, एकदा, अगदी ओठांतल्या ओठांत, त्यांच्यासाठी. भन्तेजी एकदा हसून म्हणाले होते की ज्याचं शील त्यानेच घ्यायचं, दुसऱ्याने घेऊन चालत नाही. तिने मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदाच म्हटलं होतं. आणि संध्याकाळी दार उघडताना त्यांच्या हातून छत्री, डब्याची पिशवी घ्यायच्या निमित्ताने जवळ जायचं, एक श्वास आत घ्यायचा. फक्त एक. त्यात लसूण असे, मेट्रोतली गर्दी असे, कधी वेलदोडा असे – वेलदोडा असला की तिची छाती धडधडायची, कारण तोंडाचा वास मारायला वेलदोडाच... पण तो नुसता चहातला निघायचा.

आणि या हिवाळ्यात मी काय केलं?

लुंबिनी जुलैत नागपूरला शिकायला गेली आणि घरात अचानक मोकळे हात उरले. सतविंदर भाभी मंडईत घेऊन जाऊ लागल्या. तेवीस वर्षं दिल्लीत राहून प्रेमलाने काळी गाजरं कधी घेतली नव्हती, ती नासलेली असतात असंच तिला वाटायचं. आता ती आली; चाकवत आला, त्याचं रायतं करतात हे कळलं; कच्ची हळद, जिची तुपात परतून चक्क भाजी होते; फ्लॉवर-गाजर-शलगमचं गोड लोणचं. भाभींनी एक काळ्या कडेची चिनीमातीची बरणी दिली, पुसून, त्यात मूठभर मीठ घालून, रिकामी देऊ नये म्हणून. आणि मागच्या मंगळवारी त्या प्रेमलाच्याच ताटातून, तिच्या भाकरीचा तुकडा मोडून खाऊन गेल्या, बोलता बोलता, लक्षही न देता. प्रेमलाच्या मात्र ते दिवसभर लक्षात राहिलं. तिच्या माहेरी, यवतमाळकडे, आईच्या चुलीमागे एकही बरणी नव्हती. उरायचंच नाही तर टिकवायचं काय. आता ओट्यावर सहा बरण्या ओळीने, आणि सकाळी दिवा लावला की त्यांतल्या काचेच्या आतून उजळल्यासारख्या दिसत, आणि तिला – पाप नाही ना हे, असा विचार करत – त्यांच्याकडे बघत उभं राहावंसं वाटे. इतकं सुख झालं की त्याची किंमत कुठून तरी निघणार, हे तिला कळायला हवं होतं.

अकरा वाजता तिने लुंबिनीला फोन केला. पाठीचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, की जे आंबतं, त्यात ती असते का गं.

"ती म्हणजे?" लुंबिनी म्हणाली. "अच्छा, अल्कोहोल? आई, थोडं तर ब्रेडमध्येपण असतं यार. इडलीच्या पिठात असतं. तू काय आता इडलीला शील लावणार?"

"जास्त दिवस राहिली तर?"

"आंबट होईल. पप्पांना द्यायची नसेल तर तसं सांग ना."

मुलीने हे किती सहज म्हटलं. मग लुंबिनी मेसमधल्या वरणाबद्दल बोलत राहिली आणि फोन ठेवताना हळूच म्हणाली, की पप्पांनी तिला परवा बरणीचा फोटो पाठवला होता. का पाठवला असेल... प्रेमलाला त्यांनी कधी कशाचा फोटो दाखवला नव्हता.

भाभींकडे गेली तर त्या हसायलाच लागल्या. त्यांचे सासरे म्हणे होळीपर्यंत प्यायचे आणि नव्वदीपर्यंत जगले. ती खाली आली. पाऊस वाढला होता. बाराला अजून वीस मिनिटं होती तेव्हा तिने ठरवलं की आपणच पिऊन बघायचं. पेला भरला. तसबिरींकडे पाहिलं नाही. कांजी जिभेवर चुरचुरली, नाकात मोहरी चढली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती – हे तिला नाकारता येईना – फार चांगली लागली. आंबट, तिखट, मातीसारखी, आणि मागे काहीतरी, नाव नसलेलं. ती खुर्चीवर बसून वाट बघू लागली. कान गरम झाले. हे मोहरीने की... डोकं हलकं वाटतंय का? उठून फरशीच्या रेघेवरून चालून पाहिलं, सरळ चालली. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे हलकं वाटणारच. मग रडू का येतंय? ते कशाचं लक्षण? तिने जन्मात कधी तो पदार्थ तोंडाला लावला नव्हता, तर तो आत आहे हे कशावरून ओळखायचं तिला ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं असा घरात एकच माणूस होता, आणि नेमकं त्याच माणसाला विचारायची सोय नव्हती.

दुपारभर ती ओतून टाकायच्या बेतात होती. दोनदा बरणी मोरीपर्यंत नेली. ओतली तर ते विचारतील, आणि विचारलं तर सांगावं लागेल. ठेवली तर उद्या सकाळी पुन्हा ती पाठ. तिसऱ्या खेपेला बरणी इतकी जड वाटली की तिने ती तशीच ठेवून दिली आणि भाजी निवडायला बसली, आणि निवडलेली पानं निवडून टाकलेल्यांत मिसळली.

साडेसहाला बेल वाजली. तिने दार उघडलं. काशीनाथ ओले, थकलेले, चष्म्यावर पाणी. तिने छत्री घेतली, डब्याची पिशवी घेतली, नेहमीसारखी जवळ गेली, आणि श्वास आत घेतला – पावसात भिजलेली लोकर, फाइलींची धूळ, बाकी काही नाही – आणि मागे सरली. ते मात्र आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे.

"झालं?" ते म्हणाले.

"काय?"

"वास घेऊन झाला? मी रोज जरा थांबतो इथे. तुला नीट घेता यावा म्हणून."

रागाने नाही म्हणाले. भाजीला मीठ जरा कमी आहे असं म्हणावं तसं म्हणाले आणि वाकून बुटांची नाडी सोडू लागले. प्रेमलाच्या हातातली छत्री फरशीवर ठिबकत राहिली. अकरा वर्षं. म्हणजे रोज. म्हणजे ज्या एका क्षणात आपण एकट्या आहोत असं मला वाटायचं त्यात ते... तिच्या तोंडून भलतंच निघालं, दिवसभर घशात बसलेलं.

"अहो, त्या कांजीत ती आहे का? मी प्याले. मला कळत नाही."

त्यांनी मान वर करून पाहिलं. मग मोज्यांनिशी स्वयंपाकघरात गेले, चमचाभर कांजी घेऊन तोंडात धरली, डोळे मिटले. ती दारात उभी. इतका वेळ का लागतोय... त्यांच्या गळ्याची घाटी एकदा हलली.

"नाही," ते म्हणाले. "ती अशी नसते."

"मग सकाळी पाठ का केलीत?"

ते चमचा विसळत होते. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"आवडली म्हणून. मला काही आवडलेलं दिसलं की तुझा चेहरा बदलतो, प्रेमल. म्हटलं, सकाळी सकाळी कशाला."

मग ते कपडे बदलायला आत गेले.

भीती गेली नव्हती. तिला वाटलं होतं, 'नाही' म्हणाले की जाईल. पण ती फक्त हलली होती, रोजच्या जागेवर नव्हती, आणि कुठे गेली ते शोधायचं तर प्रेमलाला त्या जागाच माहीत नव्हत्या. ती चहाचं आधण ठेवून उभी राहिली. ह्यांना काय आवडतं? सोपा प्रश्न. रताळी... नाही, ती मला आवडतात. पावसातून चालणं – ते आवडायचं, सर्दी होते म्हणून मी बंद केलं, की संध्याकाळी उशीर होतो म्हणून? मोठ्याने गाणं. मित्रांना घरी बोलावणं. ते कधी बंद झालं, कुणी बंद केलं, मी तर कधी नको म्हटलं नाही, फक्त... ते काय प्याले नाहीत याचा अकरा वर्षांतला एकेक दिवस ती सांगू शकली असती. आतून कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला, मग त्यांचं खाकरणं. विचारावं, तुम्हाला आणखी काय आवडतं? ते सांगतील. सांगायला लागतील आणि आपला चेहरा – तो आत्ता कसा दिसतोय, हे तिला चाचपूनही कळेना. आधण उकळून वर आलं. तिने गॅस बारीक केला, आणि त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे येताना ऐकली, आणि ओट्याकडे तोंड करावं की दाराकडे, हे तिला ठरवता येईना.