पाणी आलं

नवऱ्याची, भारतची बदली रेवदंड्याला झाली, तेव्हा वैजयंतीला एकच धीर होता: नणंद तिथेच, चार घरं सोडून राहत होती. वैजयंतीचा सगळा जन्म नाशिकजवळ देवळाली कॅम्पात गेलेला. समुद्र तिने कॅलेंडरवरच पाहिलेला.

आल्याच्या दुसऱ्याच सकाळी नणंद रस्त्यावरून ओरडली, "वैजू, आज मोठी भरती आहे गं! साक्षीला मागच्या दारी सोडू नकोस."

वैजयंती मनात हसली. देवळालीत भरती म्हणजे लष्कराची. त्या दिवशी छाती फुगवून धावणारी पोरं रस्ताभर. इथे मागच्या दारी नुसता खाडीचा चिखल, तिथे कोण मरायला धावतंय! तिने साक्षीला मागच्या अंगणात खेळायला सोडलं आणि भाकरी थापायला घेतली.

"आई, पाणी आलं!" साक्षी ओरडली.

नळाला आलं असेल म्हणून वैजयंती हंडा घेऊनच दारात गेली. अंगण नव्हतंच. गढूळ पाणी पायरीला लागलं होतं आणि साक्षी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून टाळ्या पिटत होती.

हंडा हातातून सुटला. पोरीला दंडाला धरून ओढत वैजयंती अनवाणी धावत सुटली, ती थेट नणंदेच्या ओट्यावर.

"सांगितलं होतं ना, भरती आहे म्हणून?" नणंद तडकली.

वैजयंतीने साक्षीला ओट्यावर घट्ट कवटाळलं. "वन्सं, जाईल ना हो ते पाणी?"

"जाईल की दुपारपर्यंत. रात्री परत येईल," नणंद म्हणाली. "रोजचंच आहे ते."