विटेचा शेक

कडबाकुट्टी यंत्राच्या पात्यात क्रांतीच्या उजव्या मनगटातली नस तुटली, तेव्हा पोलीस भरतीला सात महिने होते. सांगलीच्या दवाखान्यात नस जोडली. व्यायाम शिकवणाऱ्या चारुशीला मॅडमनी पाटणहून आलेल्या या बापलेकीला तीनतीनदा बजावलं. नस रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढते. अंगठा करंगळीकडं न्यायचा, तासाला दहा वेळा, हळू. आणि बोटं बधिर आहेत, चुलीपासून लांब ठेवायची.

बाप लालासाहेब अठरा वर्षं पलटणीत काढून आलेला. त्याच्या लेखी हळू म्हणजे कामचुकारपणा. दहाचे त्यानं पन्नास केले आणि अंगणात उभा राहून स्वतः मोजायला लागला. गोळाफेकीत पोरांना मागं टाकणाऱ्या लेकीला चमचा धरता येत नाही, हे त्याला बघवत नव्हतं. जे बघवत नाही त्याच्यावर हुकूम सोडायचा, एवढंच तो शिकलेला.

तरी तीन महिन्यांनी अंगठा हलला. किंचित, पण हलला.

तिथंच बापाला चेव चढला. मुका मार लागला की आमच्याकडं तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकतात. जेवढं सोसाल तेवढा गुण, असं म्हणतात. त्यानं चुलीतनं वीट काढली, फडक्यात गुंडाळली आणि पोरीचा पंजा तिच्यावर दाबला.

"लागतंय का गं?"

"न्हाई, आप्पा."

खरंच लागत नव्हतं. त्याला वाटलं, वाघीण हाय. त्यानं आणखी दाबलं. करपल्याचा वास आला तेव्हा आई धावत आली. फडकं सोडवताना बोटांची कातडी त्याच्याबरोबर निघाली.

जखम भरेपर्यंत व्यायाम बंद पडला, सांधे आखडले. मॅडमनी बोटं वाकवून बघितली आणि यंदाच्या भरतीचं नाव काढू नका म्हणाल्या. पुढच्या वर्षाचं काहीच बोलल्या नाहीत.

परतीच्या एसटीत गावचे नानासो भेटले. हाताला काय झालं, त्यांनी विचारलं. लालासाहेबानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, सांगलीच्या बाईनं चुकीचा व्यायाम दिला, पोरीचा हात घालवला. असल्यांवर केसच टाकाय पाहिजे, म्हणाले नानासो.

क्रांती त्यांच्याकडं वळली.

"वीट आप्पांनी ठेवली, नाना. आन् मी ठेवू दिली. घरात समदी भितो आमी यास्नी."

लालासाहेबानं गाडीभर माणसांत तिच्या मुस्काडात मारली. तिनं तेच पुन्हा सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.