यांजकडून

"हे खालचं नाव घासून टाका, आणि तिथंच आमचं घाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टीलचं पातेलं सयाजीच्या मांडीशी ठेवलं. ठेवायच्या आधी त्यांनी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

सयाजीनं पातेलं फिरवलं. 'सौ. बाळाबाई यांजकडून सप्रेम भेट.' अक्षर त्याचंच होतं, गेल्या वैशाखातलं.

"लगीन कवा हाय?"

"उद्याच की. आन् दादा, कुणाला बोलू नगासा."

"मी कशाला बोलू? मी तोंड उघडलं तर निम्मं कोल्हापूर एकमेकाच्या दारात जायचं बंद हुईल."

राजारामपुरीतलं ते भांड्यांचं दुकान विश्वजितशेठचं. पायरी मात्र सयाजी इंगवलेची. बत्तीस वर्षं तो त्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालत होता. पेनासारखं धरायचं विजेचं मशीन आणि पाठीला टेकायला दुकानाचा खांब, एवढाच त्याचा संसार. नाव घालायला सांगणारी माणसं मोठ्यानं सांगतात. घासायला सांगणारी कानाशी येऊन सांगतात. आहेरात आलेलं भांडं वापरतंय कोण? ते फळीवर बसतं, दुसऱ्या कुणाचं लग्न निघालं की खाली उतरतं आणि नाव बदलून पुढं जातं. एक परात सयाजीनं चार वेळा घासली होती. चौथ्या खेपेला ती जिनं मुळात विकत घेतली होती, तिच्याच घरी आहेर म्हणून परत गेली. त्या बाईनं ती घेतली आणि "किती छान, जड हाय की," असं म्हणाली.

अशा माणसाला भेट या शब्दाबद्दल काय वाटावं? कुणी हसून काही दिलं की सयाजी आधी ते उलटं करून बघायचा.

म्हणूनच त्या संध्याकाळी पोरीच्या लॅपटॉपवर त्याला संशय आला. स्वप्नाली चोवीस वर्षांची, एका कोचिंग क्लासमध्ये मास्तरांच्या रेकॉर्ड केलेल्या तासांमधले खोकले आणि ठसके काढून टाकायचं काम करायची. घरी आली की कानात ती बोंडं घालून बसायची.

"काय ऐकायलीयस?"

"गाणी. अल्बम हायत, पप्पा."

"किती?"

"दोनशे असतील."

"दोनशे! कुठनं आणलंस? पोलीस-बिलीस येतील दारात."

"चोरीचं न्हवं हो. एक साइट हाय. करणाऱ्यांनीच तिथं ठेवलंय, फुकट न्या म्हणून."

सयाजी हसला. "फुकट? आपल्यात आहेराचा टॉवेलसुद्धा फिरून परत येतोय. कुणी गावातला माणूस फुकट देत न्हाय, आणि हे परदेशातलं पावणं तुला गाणी वाटत बसल्यात व्हय? ह्यात काहीतरी काळंबेरं हाय."

"एकच अट असती," स्वप्नाली म्हणाली. "जिथं वाजवाल तिथं करणाऱ्याचं नाव ठेवायचं. खोडायचं न्हाय."

चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, त्याची बायको लीला म्हणाली, "घ्या. ही अट तुमच्या पोटावर पाय देणारी हाय."

"तुम्हीच शोधा की काळंबेरं," स्वप्नालीनं त्याच्या फोनवर ती साइट उघडून दिली. "हजार अल्बम ऐकलं तर पाच चांगलं निघत्यात. बघा तुम्हाला घावतंय काय."

काळंबेरं शोधायला म्हणून सयाजी बसला. दुपारी दोन ते चार पायरीवर चिटपाखरू नसायचं. विश्वजितशेठ आत गल्ल्यावर पेंगायचा. सयाजी खांबाला टेकून, चष्मा नाकावर ओढून, एकेक अल्बम तपासायचा. तपासायची त्याची रीत भांड्याचीच होती. भांडं घेताना टिचकी मारावी. पातळ पत्रा लगेच किरकिरतो, जाड पत्रा जरा वेळ घुमतो. तसंच तो सुरुवात ऐकायचा, मग एकदम मधे जायचा, मग शेवटाला. सोन्यासारखं चित्र आणि आत पोकळ, असले त्यानं पहिल्याच दिवशी वीसभर बाजूला काढले. ध्यानधारणेसाठी म्हणून एक होता, त्यात चाळीस मिनिटं पाणी ठिबकत होतं. "नळ गळतोय, प्लंबर बोलवा," असं म्हणून त्यानं तो बंद केला. एकानं साठ गाणी ठेवली होती.

"साठ देणारा माणूस देत नसतोय," तो रात्री जेवताना म्हणाला. "माळा रिकामा करत असतोय."

स्वप्नालीला ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या यादीतून तो साठवाला खरंच काढून टाकला, हे त्यानं चोरून बघितलं.

आठवड्याभरानं त्याला पहिला बरा अल्बम घावला. कुठल्यातरी थंड देशातला म्हातारा पेटीसारखं काहीतरी वाजवत होता. खाली त्याचा मजकूर होता, तो फोननं मराठी करून दाखवला. शाळा बंद पडली, पेटी विकायला निघाली, म्हणून विकायच्या आधी त्यानं ती एकदा पूर्ण वाजवून घेतली होती. कुणीही न्या, शाळेचं नाव तेवढं राहू द्या. सयाजीनं तो तीन वेळा ऐकला. तरी घरी आल्यावर विचारलंच, "ह्यो खरं बोलत असंल काय गं?"

"पप्पा, वाजवतोय तर खरं की."

त्याला ते पटलं, आणि पटलं म्हणून जरा रागही आला. मग तो पुठ्ठ्यावर यादी करायला लागला. भांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर खिळ्यासारख्या बारीक अक्षरात अल्बमचं नाव आणि पुढं देणाऱ्याचं. महिन्यात अकरा झाले. चहावाल्यालाही तो त्यातलं ऐकवायचा आणि आधी नाव सांगायचा, मग वाजवायचा.

एका दुपारी त्यानं भाषेच्या खान्यात मराठी निवडलं. सगळे मिळून चारच अल्बम निघाले. तीन भजनाचे. चौथ्याचं नाव 'पायरी'. चित्र काही नव्हतं, नुसता राखाडी चौकोन. देणाऱ्याच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ होती.

सयाजीच्या कपाळाला आठी पडली. बिननावाची वस्तू त्याच्या हिशेबी एकतर चोरीची, नाहीतर घासलेली. बरा सापडला, असं म्हणत त्यानं तो लावला.

आधी नुसती दुपार ऐकू आली. लांबून रिक्षा, कुठंतरी कुकरची शिट्टी. मग बारीक गुणगुण सुरू झाली, एकसारखी, आणि तिच्यावर एका मुलीचा आवाज, शब्द नसलेला, त्या गुणगुणीला धरून हळूहळू वर जाणारा. चांगलं होतं. टिचकी न मारताही कळत होतं, पत्रा जाड होता. सयाजी डोळे मिटून ऐकायला लागला, आणि तेवढ्यात ती गुणगुण अडखळली. जराशी उचकी, मग पुन्हा सुरू.

त्यानं डोळे उघडले. मांडीवरच्या मशीनकडं बघितलं. चार वर्षांपूर्वी त्याची स्प्रिंग तुटली तेव्हा त्यानं बॉलपेनातली बसवली होती, आणि तेव्हापासून उभी रेघ संपताना मशीन अशीच उचकी द्यायचं. साऱ्या जगात अशी उचकी देणारं मशीन एकच होतं.

"शेठ!" तो ओरडला. "माझ्या मशीनचा आवाज कुणीतरी चोरलाय!"

विश्वजितशेठ दचकून जागा झाला. "आवाज कोण चोरतंय सयाजी? झोप जरा."

सयाजीनं मनातल्या मनात एकेकाला पायरीवर उभं केलं. चहावाला सारखा फोन काढतो. समोरच्या क्लिनिकमधला कंपाउंडर उगाच येऊन बसतो. शेठचंही काही सांगता येत नाही. मग गाण्यात कुणीतरी खोकलं, तो त्याचाच खोकला होता, आणि पाठोपाठ त्याचाच आवाज आला, "डबा ठेव तिथं. ऊन लागंल, आत बस." उन्हाळ्यात स्वप्नाली महिनाभर त्याचा डबा घेऊन यायची. आत न बसता पायरीवरच बसायची, फोन एका पालथ्या घमेल्यावर ठेवून. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरगी फोनवर कुणा पोराशी बोलते. त्यानं तसं लीलाला बोलूनही दाखवलं होतं.

संध्याकाळी त्यानं चपला काढायच्या आधीच विचारलं, "'पायरी' कुणाची?"

स्वप्नालीनं लॅपटॉप मिटला. "घावला व्हय. तिथवर पोचाल असं वाटलं न्हवतं."

"वाटलं न्हवतं का वाटत होतं?"

ती नुसती हसली.

"मग नाव का न्हाय घातलंस? साऱ्या गावाची नावं घालणाऱ्याची पोरगी तू, आणि रेघ वडतीस?"

"नाव घालून काय करायचं, पप्पा? घासायला पाच मिनटं लागत्यात. तुम्हीच सांगता की."

"कोण घासतंय तुझं नाव?"

तिनं आवाज चढवला नाही. "माझं ताट कुठं हाय?"

"कुठलं ताट?"

पण विचारतानाच त्याला आठवलं होतं. स्वप्नाली पाचवीत होती. शाळेच्या गायन स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि बक्षिसाची भांडी विश्वजितशेठकडूनच गेली. ताटावर नाव सयाजीनंच घातलं होतं. 'कु. स्वप्नाली सयाजी इंगवले, गायन, प्रथम क्रमांक.' हात फिरवला तर बोटाला लागेल इतकं खोल. दोन महिन्यांनी लीलाच्या भाचीचं, मोनाचं, गारगोटीला लग्न निघालं. सकाळी लवकरची एसटी, दुकान बंद, आणि घरात ते न वापरलेलं ताट नुसतं पडून होतं. त्यानं पाच मिनिटांत ते घासलं आणि वर घातलं, 'सौ. लीला व श्री. सयाजी इंगवले यांजकडून.' त्यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही. रोजच्या कामासारखं एक काम होतं.

"तू तर कधी काय बोलली न्हाईस."

"तुम्ही तर कधी काय विचारलं न्हाईसा," स्वप्नाली म्हणाली. "त्यानंतर मी शाळेत गायलेच न्हाई. तेबी तुम्हाला कळलं न्हाई."

सयाजीला खरंच कळलं नव्हतं. साऱ्या गावावर बारीक नजर ठेवणाऱ्या माणसाला घरातलं कळलं नव्हतं, आणि हे आत्ता, चौदा वर्षांनी, चपला पायात असताना त्याला कळत होतं. त्याला शरम वाटली. जेवताना तो ताटाकडं बघेना.

सकाळी शेठचं काम आहे असं सांगून त्यानं नवं कोरं ताट पिशवीत घातलं आणि गारगोटीची गाडी धरली.

मोनानं हसून स्वागत केलं, चहा टाकला. "मामा, आज वाट कशी चुकला?"

"तुझ्या लग्नात आम्ही एक ताट दिलतं. ते बदलून हे नवं घे. त्यात जरा खोट ऱ्हायली होती."

"चौदा वर्सांनी खोट आठवली व्हय?" मोना हसत सुटली, मग जरा ओशाळली. "ते न्हाय हो आता. आजऱ्याला जावंच्या पोरीचं लगीन होतं, तिकडं गेलं. इथंच बाजारात नाव घासून घेतलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नगा हं."

"छे, छे. जाड पत्रा हुता, कामाला आला."

बत्तीस वर्षांत आपलं नाव दुसऱ्या कुणी घासल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मोना नको नको म्हणत असताना त्यानं नवं ताट तिथंच ठेवलं. परतीच्या गाडीत तो विचार करत राहिला. आजऱ्याहून ताट पुढं कुठं गेलं असेल? निपाणीला गेलं असेल, नाहीतर फिरत फिरत कोल्हापुरातही आलं असेल. कदाचित त्याच्याच पायरीवर येऊन गेलं असेल, आणि त्यानं न बघता पुन्हा घासलं असेल.

घरी पोचला तेव्हा मोनाचा फोन आधीच येऊन गेला होता. लीलानं पाण्याचा तांब्या पुढं केला. स्वप्नालीनं लॅपटॉप उघडला आणि त्याच्याकडं पाठ ठेवूनच विचारलं, "सांगा. नाव काय घालायचं?"

सयाजी गिऱ्हाइकाशी बोलतो तसं म्हणाला, "पूर्ण घाल. आडनावासकट. वेलांटी, काना नीट बघून."

तिनं अक्षरं मारली. राखाडी चौकोनाखालची रेघ गेली आणि तिथं 'स्वप्नाली सयाजी इंगवले' आलं.

"खोल घाल."

"ह्याच्यात खोल-बिल नसतं, पप्पा."

"मग कुणी घासलं तर?"

"घासंल की कोणतरी. जग हाय."

"मग?"

"मग तुम्ही हायसा की बघायला."

तेव्हापासून दुपारी दोन वाजले की सयाजी चष्मा ओढून आधी 'पायरी' उघडतो. गाणं पुष्कळदा लावत नाही, नुसतं नाव बघतो, आणि मग डबा सोडतो. पुठ्ठ्यावरच्या यादीत ते बाराव्या नंबरला आहे, बाकीच्यांपेक्षा जरा दाबून लिहिलेलं.

घासायची कामं त्यानं सोडली नाहीत. पोट आहे. पण कुणी जुनं ताट आणून मांडीशी ठेवलं, की मशीन लावायच्या आधी तो ते उचलतो आणि उन्हात तिरकं धरतो. खोल घातलेलं अक्षर किती घासलं तरी तिरक्या उन्हात थोडं दिसतं, हे त्याला ठाऊक आहे. कडेकडेनं तो अंगठा फिरवतो, सावकाश, सगळीकडून.

"काय बघताय एवढं?" गिऱ्हाईक विचारतं.

"काय न्हाय," सयाजी म्हणतो. "पोचा पडलाय काय बघतोय."