वन्सं जेवायला येतात

तिने वन्संसाठीची आठवी प्लेट तिसऱ्यांदा उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सासूबाईंच्या शेजारी ठेवली. म्हणजे वाढताना वन्संच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं. आपण हे कशासाठी करतोय ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. प्लेट मात्र तिने तिथेच राहू दिली.

नवरा स्टुलावर चढून बल्ब बदलत होता. घरात काही बिनसलं की त्याला नेमका एखादा बल्ब गेलेला दिसायचा.

"चांगला चालू होता तो," ती म्हणाली.

"मिणमिणत होता."

इस्पितळात तीस खाटांचा वॉर्ड सांभाळणारी हेडनर्स ती. नाताळच्या जेवणाचंही तिने वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं होतं. कोंबडी ओव्हनमध्ये कधी जाणार, बटाटे कधी, केक कधी कापायचा, सगळं मिनिटांसकट. वन्संची माफी कधी मागायची, एवढंच त्यात नव्हतं.

गेल्या नाताळला वन्संनी सूप चाखलं आणि न विचारता पातेल्यात मीठ घातलं. ती सलग दोन पाळ्या करून आलेली. सगळ्यांदेखत तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला तुमचं घर टिकवता आलं नाही, माझ्या घरात कशाला लुडबुडता?" वन्संच्या घटस्फोटाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि न जेवता निघून गेल्या. वर्षभर त्या फिरकल्या नाहीत. तिने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. शेवटी सासूबाईंनी निक्षून सांगितलं, यंदा माझी लेक आली नाही तर माझंही ताट वाढू नकोस.

बेल वाजली. दीर, जाऊ आणि त्यांच्या दोन मुली आधीच आल्या होत्या, म्हणजे दारात कोण ते उघडच होतं. नवरा स्टुलावरून उतरायचं नाव घेईना. तीच गेली.

"या, वन्सं."

"आईसाठी आले."

"कोट द्या ना, अडकवते."

"असू दे. लवकर निघायचंय."

सगळे टेबलाभोवती बसले. वन्संनी पर्स मांडीवरच ठेवली. दिराने सुपाच्या वाफेवर नाक नेलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाला,

"यंदा मीठ आहे ना बरोबर?"

जावेने टेबलाखाली त्याचा पाय तुडवला, पण बोलून व्हायचं ते झालं होतं. वन्संची बोटं पर्सच्या पट्ट्याभोवती आवळली. आता या उठतात, असं तिला वाटलं. नवऱ्याने घाईघाईने हात जोडले.

"आज प्रार्थना सूनबाई करेल," सासूबाई म्हणाल्या.

"अगं आई, दरवर्षी मीच—"

"तुझी एका दमात संपते. देवाच्या कानावर जायच्या आत तुझा घास तोंडात असतो."

मुली हसल्या. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू," तिने सुरुवात केली, "तू आज आम्हां सर्वांना एकत्र आणलंस, हे अन्न दिलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. या घराला तुझी शांती..."

पुढचा शब्द येईना. कुणाची तरी खुर्ची करकरली. आमेन म्हणून मोकळं व्हावं, एवढं सोपं होतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "गेल्या वर्षी याच टेबलावर मी फार वाईट बोलले. लागावं म्हणूनच बोलले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. तू मला क्षमा कर."

"केली."

तिने दचकून डोळे उघडले. आवाज वन्संचा होता. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

ती देवाशी बोलत होती. 'तू' म्हणाली ते देवाला. वन्संना तर ती लग्न झाल्यापासून, गेली अठरा वर्षं, अहो-जाहो करत आली होती. खरं सांगायचं तर देवाची माफी मागणं तिला सोपं वाटलं होतं, त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. अहो, मी तुम्हाला नव्हते म्हणत, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं. बाकीचे सगळे डोळे गच्च मिटून बसले होते. नवऱ्याने तर श्वाससुद्धा रोखून धरला होता.

ती टेबलाच्या त्या टोकाला, थेट वन्संच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू जेवून जाशील ना?" तिने विचारलं.

वन्संनी डोळे उघडले.

"आधी आमेन तर म्हण," त्या म्हणाल्या.